सुगलाअक्काच्या टाक्यावरचा लाल बाण

काय काम करत होता, असं कुणी विचारलं की ‘इलेक्ट्रॉनिक्समध्ये होतो’ एवढं सांगून मी विषय बदलतो. खरं उत्तर असं की मी लाल बाण चिकटवायचो. तांदळाच्या दाण्याएवढे कागदी बाण, मागून गोंद लावलेले, एका पट्टीवर ओळीनं बसवलेले. समोर हिरवा बोर्ड, डोळ्याला भिंग, डोक्यावर दिवा. काम बिघडलंय तिथं चिमट्यानं एक बाण लावायचा आणि जिनं बोर्ड केला तिच्याकडं परत पाठवायचा. हुमनाबादजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये हे काम मी इतकी वर्षं केलं की अजूनही लग्नाच्या पंगतीत करपलेली पुरी दिसली की माझी बोटं चिमटा शोधतात.

ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पंपाचा स्टार्टर असो की चार्जिंगची बॅटरी, आत एक बोर्ड असतो. त्यावर तांब्याचे बारीक पट्टे असतात, ते तारांचं काम करतात. बोर्डाला भोकं असतात आणि भोकातून एकेका भागाचे पाय खाली आलेले असतात. तो पाय आणि भोकाभोवतीची तांब्याची टिकली, या दोघांना जोडायला कथील-शिशाची तार तापलेल्या सोल्डरगननं वितळवून एक थेंब सोडायचा. थेंब थिजला की जॉइंट झाला. आमच्या शेडमधल्या बाया त्याला टाका म्हणायच्या. एका बोर्डावर असे शेकड्यानं टाके. त्यातला एक कच्चा राहिला तर बोर्ड आज चालतो, उद्या चालतो आणि ऐन पाणी द्यायच्या वेळी बंद पडतो.

चांगला टाका ओळखायचा कसा, हे नव्या पोरींना मी एकाच उदाहरणानं शिकवायचो. गरम भाकरीवर तूप सोडलं तर ते कडेपर्यंत पसरतं, पातळ होऊन भाकरीत मिसळतं. गार भाकरीवर सोडलं तर गोळा होऊन वर बसतं, बोट लावलं की निघून येतं. टिकली आणि पाय दोन्ही नीट तापले असतील तर सोल्डर तुपासारखं पसरतं, पायावर थोडं चढतं आणि कडेला इतकं पातळ होतं की कुठं संपलं ते कळत नाही. गोळा होऊन बसलं तर बाण. हे उदाहरण माझं स्वतःचं, आणि त्याचा मला फार अभिमान होता. पुढं जे सांगणार आहे ते वाचताना एवढं ध्यानात ठेवा की हे मला माहीत होतं.

आमचे मालक अण्णा. भालकीकडचे, हाताला काळं लावून वर आलेले, कानडीत शिव्या द्यायचे आणि मराठीत समजूत घालायचे. त्यांना तूप-भाकरी एवढं लांबण पसंत नव्हतं. त्यांची एकच परीक्षा होती. बोर्ड उचलायचा, तिरपा धरायचा आणि विचारायचं, “ट्यूबलाइट दिसायलीय का?” छताला लटकलेली ट्यूबलाइट प्रत्येक टाक्यात इवलीशी होऊन चमकली पाहिजे. चमकली तर पास. निस्तेज, पांढरट, दाणेदार दिसला तर एक तर टाका नीट तापला नाही, नाही तर थिजताना हात हलला. शिसं मिसळलेल्या सोल्डरला हे अगदी लागू पडायचं. त्यामुळं हळूहळू माझाही डोळा तुपाकडून ट्यूबलाइटकडं वळला. सोपं होतं ना. कड बघायला भिंग लागतं, चमक लांबूनच दिसते.

ही चमक आमच्या शेडमध्ये देवघरापर्यंत पोचली होती. खंडेनवमीला सगळ्या सोल्डरगन पुसून पाटावर मांडायच्या, चिमटे, कटर, माझं भिंग, सगळ्यांना हळदकुंकू, आणि मधोमध वर्षातला सगळ्यात देखणा बोर्ड उलटा ठेवायचा, टाके वर करून. तो निवडायचा मान माझा. निवड झाली की अण्णा त्यावर एक झेंडूचं फूल ठेवायचे आणि जिचा बोर्ड तिच्या हातानं नारळ फोडून घ्यायचे. मी तिथं होतो तोवर हा नारळ जवळजवळ दर वर्षी सुगलाअक्कानं फोडला.

तिचं सांगायच्या आधी निंबर्ग्याचे एक पाटील सांगायला हवेत, कारण ‘पास’ या शब्दाचं वजन मला त्यांनी दाखवलं. भर शेडमध्ये आले आणि आमचा स्टार्टर माझ्या टेबलावर आदळला.

“कोण ते पास करणारं? समोर या.”

मी उठलो. “मीच. काय झालं?”

“तुमचा टाका सुटलाय. मोटर जागची हलंना. ऊस वाळायलाय माझा.”

मी झाकण उघडलं. टाके सगळे शाबूत होते. दोन पट्ट्यांवर आडवी पडून एक पाल खरपूस भाजली होती.

“पाटील, हा टाका न्हवं, ही पाल हाय.”

पाटलांनी वाकून बघितलं. मग झाकणाच्या आतल्या बाजूची माझी सही बोटानं दाखवली. “पास म्हणून सही तुमचीच ना? मग पाल पण तुम्हीच पास केलीसा.”

सगळ्या टेबलांवरून हसू फुटलं. सगळ्यात मोठं हसू सुगलाअक्काचं. “तम्मा, पालीला पण बाण लाव की एक,” ती म्हणाली. तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. मी तपासनीस, ती कामगार, पण तिनं मला कधी साहेब म्हटलं नाही.

सुगलाअक्का दुबलगुंडीची. सकाळी वडापच्या जीपमधून यायची, दोन जीपांत बसणाऱ्या माणसांएवढी माणसं एका जीपमध्ये. शेडमध्ये यायला लागायच्या आधीपासून ती गावात बायकांच्या पोती ओवून द्यायची. मंगळसूत्राचा दोरा विरला की काळे मणी, सोन्याचे मणी, डोरलं पुन्हा ओवून गाठी मारायच्या, हे तिचं काम. पोत तुटली की बाई कुणाच्याही हातात देत नाही. पंचक्रोशीतल्या बायका तिच्या हातात द्यायच्या. तोच हात तिनं सोल्डरगनला लावला. एरवी मराठी बोलणारी ही बाई टाका मारताना तोंडातल्या तोंडात कानडीत मोजायची, “ओंदु, एरडु, मूरु,” आणि गन उचलायची. विचारलं तर म्हणायची, “मराठीत मोजले की जास्त येळ लागतंय, टाका करपतंय.”

प्रत्येकीचा टाका अक्षरासारखा ओळखू येतो. शोभाचे टाके गुबगुबीत, तिच्यासारखेच. एकीचे नेहमी डावीकडं झुकलेले. सुगलाअक्काचे म्हणजे ओवलेले मणी, एकसारखे. दुपारी डोळा जड झाला की मी मुद्दाम तिचा ट्रे ओढायचो. विश्रांती वाटायची.

एके वर्षी अण्णांना पुण्याच्या एका कंपनीचं काम मिळालं. चार्जरचे बोर्ड, आणि ते पुढं परदेशी जाणार. तिकडं शिसं चालत नाही, म्हणून कंपनीनं स्वतःच बिनशिशाच्या सोल्डरची रिळं पाठवली. अण्णांनी रिळं सुगलाअक्काच्या टेबलावर ठेवली. “चांगल्या हाताला चांगलं काम.” मला एवढंच सांगितलं, “शरणू, ह्येला ताप जास्त लागतंय. बाकी सगळं तेच.”

बाकी सगळं तेच नव्हतं.

पहिला ट्रे माझ्यापुढं आला आणि मी दिवा जवळ ओढला. एकाही टाक्यात ट्यूबलाइट दिसेना. सगळे टाके राखाडी, वरून बारीक रवाळ. मी बाण लावत गेलो. बोर्डाला गोवर आल्यासारखं दिसायला लागलं.

अक्का ट्रे न्यायला आली ती तिथंच थांबली. “आगं बाई. हे माझे टाके हायत?”

“तुझेच.”

“कामून असं?”

“पुरतं तापंना झालंय. ताप वाढव.”

तिनं ताप वाढवला. चार मोजले, पाच मोजले. गनचं टोक ओल्या स्पंजवर पुन्हापुन्हा पुसलं. दुसरा ट्रे आला, तोही राखाडी. तिसरा तसाच. माझ्या मागं पुण्याची तारीख, अण्णांच्या येरझाऱ्या. चौथ्या ट्रेला मी सगळ्यांदेखत, भिंगातून डोळा न काढता म्हणालो, “अक्का, हात हलायलाय तुझा.”

थिजताना टाका हलला की तो असाच रवाळ दिसतो. पुस्तकातलं कारण होतं. मला वाटलं मी रोगाचं नाव सांगितलं.

ती दोन्ही हात पुढं धरून बघत उभी राहिली. मग ते पदरात गुंडाळले आणि जाग्यावर गेली. त्या दिवशी मोजणं ऐकू आलं नाही.

माल तर द्यायचा होता. मग मी स्वतः बसलो. जुनं शिशाचं रीळ घेतलं आणि तिचे टाके एकेक करून पुन्हा तापवले, वर जुन्या सोल्डरचा थेंब दिला. लगेच चमकले! अण्णा खूश. “बघा, शरणूचा हात.” मी तो माल पास केला. तीन रिळं संपेपर्यंत असंच चाललं. ती करायची, मी ‘दुरुस्त’ करायचो. त्या खंडेनवमीला मी पाटावर शोभाचा बोर्ड ठेवला. शोभानं नारळ फोडला तो पहिल्या फटक्यात फुटला नाही आणि ती लाजून अक्काकडं बघायला लागली. अक्का म्हणाली, “मार की गं, देव कुठं पळायलाय,” आणि सगळ्या हसल्या. प्रसाद घेताना मात्र तिनं ओंजळ केली नाही. पदर पुढं केला.

काही महिन्यांनी माल परत यायला लागला. पुण्याहून एक इंजिनियर आले, शांत माणूस. त्यांनी माझ्याच भिंगातून बोर्ड बघितले आणि चहाच्या टपरीवर, आम्ही दोघंच असताना, सांगितलं. बिनशिशाचं सोल्डर थिजलं की असंच दिसतं, मंद, रवाळ. तो दोष नाही, तो त्याचा रंग. चमक बघायचीच नाही, कड बघायची, पसरलंय का ते. “तुमच्याकडं काही बोर्ड हात न लावता सुटलेत,” ते म्हणाले, “त्यातले जॉइंट बघितले. सुंदर आहेत. पण बाकीचे कुणीतरी पुन्हा तापवलेत. दोनदा तापवल्यानं टिकल्या बोर्डावरून सुटल्यात. त्यात जुनं सोल्डर मिसळलंय. कुणी केलं हे?”

पसरलंय का ते. तूप आणि भाकरी.

“चौकशी करतो,” मी म्हणालो.

आजवर केलेली चौकशी एवढीच.

संध्याकाळी अण्णांनी विचारलं, “शरणू, हे बोर्ड कुठल्या टेबलचे?” मी म्हणालो, “सुगलाअक्काच्या.” हे खोटं नव्हतं. अण्णांनी मान हलवली, “वय झालं बघ तिचं. डोळं गेलं असतील, न्हाई तर हात.” मी त्यावरही काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी तिला गनवरून काढून पॅकिंगला बसवलं. खोकी दुमडायची, पट्टी लावायची. आणि मी काय केलं? भिंतीवरचे जुने नमुन्यांचे फोटो काढले, नवे लावले, सगळ्यांना गोळा करून सांगितलं की या रिळाला चमक बघायची नाही, कड बघायची. अण्णा सगळ्यांपुढं म्हणाले, “ह्येला म्हणतात अभ्यास.” अक्का मागं खोक्यांत उभी राहून ऐकत होती. कडेचं बोलणं तिला नवीन नव्हतं, तिलाही मी तूप-भाकरीच शिकवली होती. पण तिनं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं असं मी पुढं कैक वर्षं स्वतःला सांगत आलो, म्हणजे त्याचाही दोष तिलाच.

उन्हाळ्यात ती यायची बंद झाली. जाताना मला म्हणाली, “तम्मा, जेवणाचा डबा येळेवर खात जा. भिंगातनं भूक दिसत न्हाई.” एवढंच.

शेड आता नाही. अण्णाही नाहीत. मी सध्या कलबुर्गीला मुलांना सोल्डरिंग शिकवतो. पहिल्याच दिवशी दोन टाके दाखवतो, एक चमकणारा कच्चा आणि एक राखाडी पक्का, आणि विचारतो, कुठला घ्याल? सगळे चमकणारा उचलतात. मग मी समजावतो. मुलं म्हणतात, सर छान शिकवतात. त्या राखाडी टाक्याला मी मनात तिच्याच नावानं हाक मारतो, पण हे कुणाला सांगितलं नव्हतं.

दिवाळी अंकासाठी कामाचे अनुभव लिहा, असं एका संपादकांनी सांगितलं तेव्हा मी लिहिलेही. अण्णा, पाटलांची पाल, गाणगापूरच्या एका लॉजवाल्याचा इमर्जन्सी दिवा जो लाइट असतानाच लागायचा, सगळं लिहिलं. सुगलाअक्का त्यात नव्हती. वाचून बघितलं तर लेख छान चमकत होता. मी तो पाकिटात घातला, पुन्हा काढला आणि सकाळची बस धरून दुबलगुंडीला गेलो.

घर शोधावं लागलं नाही. अक्का ओट्यावर सूप घेऊन तूर निवडत होती. केस पांढरे, डोळ्यावर जाड काचा.

“कोण हाय ते?”

“मी शरणू, अक्का.”

“तम्मा! ये, ये. कामून वाट चुकलास?” मग आत ओरडली, “ए, चहा ठेव, माझ्या कंपनीतलं साहेब आल्यात.” आणि माझ्याकडं वळून हळूच, “सूनबाईपुढं साहेब म्हणावं लागतंय, तेवढीच माझी इज्जत.”

चहा आला, संपला. उसाचं, पावसाचं, अण्णांचं बोलून झालं. मी तिच्या सुपातल्या तुरीकडं बघत सगळं सांगितलं. रीळ, रंग, इंजिनियर, टपरी, मी तापवलेले टाके, ‘तुझ्या टेबलचे’ म्हणालो ते. सून दारात उभी राहून ऐकत होती.

अक्काचे हात सुपात थांबले.

“म्हंजे माझा हात हलत न्हवता.”

“न्हाई अक्का.”

“तवा पण न्हाई?”

“कवाच न्हाई.”

सून दारातून बोलली, “कंपनी सोडल्यापासून आत्यांनी पोत ओवली न्हाई कुणाची. बाया येत्यात अजून. आत्या म्हणत्यात, माझा हात हलतंय, सोनं सांडंल, दुसरीकडं जा.” मग जरा थांबून, “माझ्या लग्नातली पण हुमनाबादला पाठवून ओवून आणली.”

एका वाक्यानं एवढं होतं, हे मला माहीत नव्हतं. मी आपला टिकल्या आणि नोकरी एवढाच हिशेब मनात घेऊन आलो होतो.

“मग इतकी वर्सं कामून सांगितलं न्हाईस?” अक्कानं विचारलं. आवाज चढला नव्हता. “मी मेले असते म्हंजे?”

भीती म्हणावी तर कुणाची? अण्णा मला काढणार नव्हते. मी आयुष्यभर लोकांच्या कामावर बाण लावले आणि एक बाण स्वतःकडं वळवायला मला धीर झाला नाही, एवढंच.

“शिव्या दे,” मी म्हणालो.

“देणार हायेच. दम घे.” तिनं सूप बाजूला सारलं. “त्या वर्सी पाटावर शोभाचं ठेवलास ना? फुगीर टाके तिचे. डाळीच्या आंबोड्या तळल्यागत. मला वाटलं, तम्माचे डोळे गेले.”

सून हसली, मग मीही.

“आण इकडं ती पोत,” अक्का सुनेला म्हणाली, “दोरा विरलाय म्हणून कवाची डब्यात ठेवलीस ती. सुई आण, दोरा आण, आणि परात आण, मणी सांडले तर परातीत सांडतील.”

सूनबाईनं माझ्याकडं बघितलं, मग सासूकडं, आणि आत गेली.

सुईत दोरा जाईना. दोनदा हुकला, तिसऱ्यांदा सुनेनं ओवून दिला. “डोळे गेल्यात,” अक्का म्हणाली, “त्येचा बाण लाव पाहिजे तर.” मग तिनं विरलेला दोरा कापला, मणी परातीत सोडले आणि एकेक उचलायला लागली. ओठ हलायला लागले. “ओंदु, एरडु.”

तिच्या टाक्यांकडं मी किती वर्षं भिंगातून बघितलं होतं. तिच्या हाताकडं कधी बघितलंच नव्हतं, हे मला तिथं त्या ओट्यावर कळलं. ज्या दिवशी ‘हात हलायलाय’ म्हणालो त्या दिवशीही मी मान वर केली नव्हती. उठून चार पावलं तिच्या टेबलापाशी गेलो असतो तरी पुरलं असतं.

मधेच तिनं काम न थांबवता विचारलं, “काय तम्मा, हलायलाय का?”

मी बोलायला तोंड उघडलं.

“असं लांबून नगं. जवळ ये. नीट बघून सांग.”

मी चष्मा पुसला, ओट्यावरून सरकून तिच्या समोर मांडी घालून बसलो, आणि बघायला लागलो.